बालाघाटातला नदीकाठचा मुक्काम

बालाघाटात नदीकाठी तंबू ठोकून राहायचे तर आधी महिना ठरवावा लागतो, जागा त्यानंतर. इथल्या नद्या बारमाही नाहीत. मृगाच्या तोंडावर कोरडे असलेले पात्र भाद्रपदात दुथडी भरून वाहते, कार्तिकात त्याचा ओढा होतो, माघात पाणी डोहांपुरते उरते आणि चैत्रात गुरे त्याच पात्रातून धूळ उडवत जातात. सह्याद्रीतल्या मुक्कामाची वर्णने वाचून कोणी मे महिन्यात इकडे आला, तर नदी कुठे आहे हे त्याला विचारावे लागेल. दसरा ते संक्रांत या काळात आलेल्याला मात्र हा मुलूख दुष्काळी आहे हे सांगूनही खरे वाटणार नाही.

बीडहून दक्षिणेला निघाले की पालीच्या पुढे घाट लागतो. घाट चढल्यावर मांजरसुंबा येते आणि तिथून पाटोद्याच्या रस्त्यावर लिंबागणेश, भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव. समुद्रसपाटीपासून सहाशे ते आठशे मीटर उंचीच्या या पठाराने बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची सखल काळी जमीन, म्हणजे गंगथडी. दक्षिणेला घाटावरचा मुरमाड माळ. पठारावर पडलेला पाऊस तीन वाटांनी उतरतो. बिंदुसरा उत्तरेला बीड शहरातून जाऊन सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मांजरथजवळ गोदावरीला. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि कर्नाटक, तेलंगणातून ७२४ किलोमीटरचा मोठा वळसा घेऊन कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीत शिरते. विंचरणा मात्र सौताड्याच्या कड्यावरून खाली उडी घेते आणि जामखेडमार्गे सीनेला जाते. सीनेचे पाणी भीमेतून कृष्णेला. मुक्कामाला आलेल्याने या भूगोलातून एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. तिन्ही नद्या इथे उगमाजवळच्या आहेत. पात्र अरुंद, उतार जास्त, म्हणून पाणी झपाट्याने चढते आणि तितक्याच लवकर ओसरते.

पाऊस संपल्यावर पाणी कुठे टिकते, याचे उत्तर खडकात आहे. दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. यातले काही थर घट्ट कातळाचे, काही भेगाळलेले किंवा मुरूम झालेले. पावसाचे पाणी मुरमातून खाली मुरते, कातळ लागला की अडते आणि डोंगराच्या उतारावर जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून बालाघाटात झरे माथ्यावर किंवा तळाशी न सापडता बहुधा कड्याच्या मध्यावर, एखाद्या उंबर-करंजाच्या मुळाशी सापडतात. पात्रातही तेच. धबधब्याखाली पाण्याने कोरलेले डोह आणि रांजणखळगे वाहते पाणी थांबल्यावरही दोन-तीन महिने भरलेले राहतात. डोंगराच्या पायथ्याला मुरलेले पाणी किती भरवशाचे असू शकते हे पाहायचे तर बीडजवळची खजाना बावडी पाहावी. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीतून जमिनीखालच्या नहरांनी शेतीला पाणी खेळवले होते, तेही उपशाची कोणतीही साधने न वापरता.

इथल्या जंगलाबद्दल गैरसमज नको. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात घनदाट अरण्य वाढत नाही. हे पानझडीचे, काटेरी, उघडे रान आहे: धावडा, सालई, पळस, खैर, हिवर, बाभूळ, बोर, आणि मोकळ्या उतारांवर तरवड नि घाणेरी. वनविभागाने लावलेले ग्लिरिसिडिया जागोजागी माजले आहे. बालाघाटाची खरी ओळख सांगणारे झाड मात्र सीताफळाचे. कसही नसलेल्या खडकाळ उतारावर ते आपोआप वाढते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरात फळाला येते; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दाट सावली फक्त ओढ्यांच्या काठाने असते. त्यामुळे नदीकाठचा मुक्काम हा इथे हौसेचा पर्याय राहत नाही. डोंगरात राहायचे तर तीच एक पट्टी राहण्याजोगी आहे, आणि ती माणसाइतकीच बाकीच्या जिवांनाही हवी असते.

महिन्यांचा हिशोब असा. जून ते सप्टेंबर नदीकाठी तळ टाकू नये, मग आभाळ कितीही निरभ्र दिसो. मराठवाड्यात सप्टेंबर हा परतीच्या पावसाचा महिना आहे आणि मोठे पूर बऱ्याचदा त्याच महिन्यात येतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा आणि मांजरा या नद्यांनी जे रूप दाखवले ते ताजे आहे. त्याआधी १९८९ च्या जुलैमध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात अनेकांचे बळी घेतले होते. एरवी ही नदी शहरातून जाते हे परक्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी निवळते. नोव्हेंबरात गवत अजून हिरवे-पिवळे, पाणी वाहते आणि रात्री गार असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते, पाणी थोडे कमी होते, पण रब्बीची ज्वारी हुरड्यावर येते आणि केवळ त्यासाठी हे दोन महिने पसंत करणारे पुष्कळ आहेत. फेब्रुवारीपासून गवत वाळते, वणव्याचे दिवस सुरू होतात. मार्चनंतर मुक्कामाला अर्थ उरत नाही.

या परिसरात लोक जातात ती ठिकाणे मोजकी आहेत. मांजरसुंब्याजवळ दरीत कपिलधार आहे. वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा, कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा. यात्रेच्या दिवसांत दरीभर माणसे उतरलेली असतात आणि तो मुक्कामाचा एक वेगळाच प्रकार आहे: मोकळ्या आभाळाखाली, घोंगडी-वाकळेवर, भजनाच्या आवाजात. एकांत हवा असलेल्याने तेव्हा जाऊ नये, आणि माणसे हवी असलेल्याने तेव्हाच जावे. सौताड्याला विंचरणा कड्यावरून कोसळते आणि खाली खोल घळीत रामेश्वराचे मंदिर आहे. दिवसा पाहायला बालाघाटात याच्या तोडीचे ठिकाण नाही. रात्री राहायला मात्र धबधब्याची घळ ही सर्वांत वाईट जागा. का, ते पुढे येईल. पाटोद्याजवळ नायगावचे मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये घोषित झालेले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. मोर भरपूर, काळवीट, कोल्हे, लांडगे आहेत, पण अभयारण्य असल्यामुळे परवानगीशिवाय आत तंबूचा प्रश्नच येत नाही. उरतात त्या मांजरा-बिंदुसरेच्या उगमाकडच्या लहान-लहान ओढ्यांच्या काठच्या खासगी शेतजमिनी. मुक्काम खरा इथेच होतो.

तंबू ठोकून आनंदासाठी राहणे ही कल्पना जगातही फार जुनी नाही. थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने लहानपणी, १८५३ मध्ये, अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर प्रवास केला होता. मोठेपणी सायकलवर मावेल असा हलका तंबू त्याने स्वतः शिवला, १९०१ मध्ये सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना काढली आणि १९०८ मध्ये या विषयावर आद्य म्हणावे असे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी बेडन-पॉवेलने ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. भारतात तंबू आला तो कारभारासाठी. १८५३ मध्येच बालाघाटाच्या आग्नेय टोकाला, नळदुर्गला, मेडोज टेलर हा अधिकारी म्हणून आला. त्याच्यासारखे अधिकारी हिवाळ्यात लवाजमा घेऊन गावोगाव तळ टाकत. पुढे वनखात्याने अंतराअंतरावर विश्रामगृहे बांधली. मेळघाटात सिपना नदीच्या काठचे कोलकास हे त्याचेच उदाहरण. सातपुड्याच्या त्या दाट रानात सिपनेचे डोह भर उन्हाळ्यातही पाणी धरून राहतात आणि खाली पाण्यावर येणारी जनावरे वरच्या व्हरांड्यातून दिसतात. ज्याला डोंगर, रान आणि नदी या तिन्ही गोष्टी बिनघोर हव्या आहेत, त्याच्यासाठी महाराष्ट्रात कोलकास-सेमाडोहसारखी ठिकाणे योग्य. बालाघाटात ती सोय नाही.

पण बालाघाटात नदीकाठच्या मुक्कामाचे ज्ञान नाही असे म्हणणे चूक ठरेल. ते इथे दुसऱ्या लोकांकडे आहे. दिवाळी झाली की माळावरून धनगरांचे वाडे हलू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरे, बाजूने कुत्री. शेतकरी पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, कारण एका रात्रीत शेताला लेंडीखत मिळते. बदल्यात धान्य किंवा पैसे ठरतात. रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, बांधतात. वाडा कुठे पडतो हे पाहिले तर मुक्कामाच्या जागेबद्दलचे अर्धे शास्त्र कळते. तो कधी पात्रात पडत नाही. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, थोड्या चढावर, वाऱ्याला आडोसा असलेल्या बाजूला आणि सकाळचे ऊन आधी येईल अशा ठिकाणी पडतो. पाणी पाजायला मेंढरे खाली नेतात आणि परत वर आणतात. हाच नियम तंबूवाल्यालाही पुरतो, फक्त तो त्याला बहुतेक वेळा पुस्तकातून शिकावा लागतो.

दुसरे लोक ऊसतोडीचे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना मुकादमाच्या हिशोबात एक ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गेलेल्या गावी त्या कोपीत राहतात: बांबूच्या कमानी, वर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद, आत तीन दगडांची चूल, बाहेर बैल. पाच-सहा महिने. त्यामुळे शहरातून आलेला माणूस शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवून लिंबागणेशच्या ओढ्याकाठी कापडाखाली झोपायला आला, याचे इथल्या घरांना वाटते ते नवल रास्त आहे. पाहुण्याने या नवलाकडे दुर्लक्ष करू नये. ज्यांच्या रानात तंबू लागतो त्यांच्याच भाऊबंदांपैकी काही त्या वेळी दुसरीकडे कोपीत असतात. तंबूच्या भाड्याचे पैसे कमी करून घेताना एवढे ध्यानात असलेले बरे.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, तरी त्याशिवाय पुढे जाता येत नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि तिथे विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो: प्रवेशालाच परवाना लागतो आणि आग लावणे किंवा जळता विस्तव मागे सोडणे वेगळ्या कलमाने निषिद्ध आहे. हद्द जमिनीवर आखलेली नसते, म्हणून समोरचा डोंगर कोणाचा हे आधी वनरक्षकाला किंवा गावातल्या जाणत्याला विचारावे. गायरान हे सगळ्यांचे असले तरी कोणाचेच नाही असे नसते. तिथे ग्रामपंचायतीला कळवावे लागते. सर्वांत सरळ मार्ग शेतकऱ्याच्या बांधाआड राहण्याचा. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्याखाली शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर पाहुण्यांची सोय करून रीतसर नोंदणी करता येते. मावळात पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला तंबूंचा जो बाजार बसला आहे, तो अजून इकडे आलेला नाही. यात इथल्या शेतकऱ्याचे नुकसान आहे, ओढ्याचा फायदा आहे.

जागा निवडणे हा सगळ्या मुक्कामातला कळीचा भाग आणि यात घाई करणारा माणूस बाकी सगळ्यात हुशार असला तरी उपयोग नाही. अंधार पडण्याआधी किमान दोन तास पोहोचावे. पहिले काम म्हणजे पुराची रेषा शोधणे. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत अडकलेले गवत, काटक्या, प्लास्टिक, चिखलाचा वाळलेला पट्टा हे सगळे मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आले होते ते सांगतात. तंबू त्या रेषेच्या वर, स्पष्टपणे वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी सर येते तेव्हा पाऊस तंबूवर पडेलच असे नाही. तो दहा किलोमीटर वर माथ्यावर पडतो, आणि पातळ माती व कातळ असल्यामुळे मुरायला जागा नसलेले पाणी एकदम पात्रात येते. गढूळ होणे, काटक्या-पाने वाहत येणे, आवाजात बदल, या तीन खुणांपैकी एक दिसली तरी काही न आवरता वर चढावे. घळीत हे शक्य नसते, दोन्ही बाजूंना कडा असतो. सौताड्यासारख्या जागी रात्र काढू नये ती यासाठी. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पाठीमागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्यांच्या पायाखालचे पाणी अचानक वाढले होते.

धरणाखालच्या नदीचा धोका वेगळा. तिथे आभाळात ढग नसताना पाणी वाढते, कारण वर दरवाजा उघडलेला असतो. कोकणात कोलाडजवळ कुंडलिकेवर होणारे राफ्टिंग तर वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावरच चालते. बिंदुसरेवर पालीला धरण आहे, त्याच्या खालच्या अंगाला हे ध्यानात धरावे. खाली सिंदफणा-गोदावरीच्या पात्रात आणखी एक माणसानेच तयार केलेला सापळा आहे: वाळू उपसल्याने झालेले खड्डे. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात पुढच्या पावलाला पुरुषभर खोली लागते. डोंगरातल्या ओढ्यात हा प्रकार कमी, तरी अनोळखी डोहात सूर मारू नये.

फार खालीही नको आणि अगदी माथ्यावरही नको. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळून नदीच्या खोलगटात साचते, म्हणून काठापासून पंधरा-वीस फूट वर चढले की थंडी आणि दव दोन्ही जाणवण्याइतके कमी होतात. डिसेंबरात हा फरक पांघरुणाएवढा असतो. जमीनही पाहावी. काळ्या मातीत खुंट्या सहज जातात आणि दवाने माती भिजली की तितक्याच सहज निघतात, शिवाय तीच माती चपलेला किलोकिलोने चिकटते. मुरमात खुंटी वाकते. वाळूत ती धरतच नाही. तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधून दगड पुरावा. बाभळीखाली तंबू लावला तर खाली काटे असतातच आणि वरूनही पडतात. वाळलेल्या फांद्यांखाली नको. आणि कड्याकडे नजर टाकून आग्या मोहोळ आहे का ते पाहावे. विस्तवाच्या धुराने उठवलेले आग्या मोहोळ हा बालाघाटातला बिबट्यापेक्षा मोठा धोका आहे, फक्त त्याची बातमी कमी होते.

पाणी प्यायचे ते उकळून. झऱ्याचे पाणी काचेसारखे दिसते, म्हणून ते शुद्ध मानण्याची चूक शिकलेली माणसेच जास्त करतात. वर गुरे चरतात, कपाशी-सोयाबीनच्या शेतांवरून औषधांचे पाणी उतरते, आणि उकळल्याने जंतू मरतात पण फवारणीचे विष जात नाही. त्यामुळे पात्राला लागून वर शेती असेल तर प्यायचे पाणी गावातून आणणेच बरे. शेती नसेल तर आधी फडक्याने गाळावे, मग खळखळून उकळावे. क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. जुन्या लोकांची रीत पात्रातल्या वाळूत झिरा खणायची. वाहत्या पाण्यापासून चार-पाच हात लांब हातभर खड्डा केला की वाळूतून गाळलेले पाणी हळूहळू जमते. पहिले दोन-तीन वेळा उपसून टाकायचे आणि मग भरायचे. गाळलेले असले तरी तेही उकळूनच प्यावे. शौचाला पाण्यापासून शंभर पावले लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. भांडी आणि अंग साबणाने ओढ्यात धुऊ नयेत, पाणी भरून घेऊन काठापासून दूर धुवावे. खालच्या वस्तीवर तोच ओढा पितात.

स्वयंपाकाच्या बाबतीत मराठवाड्याने मुक्कामाची तयारी आधीच करून ठेवली आहे. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात, धपाटे पहिल्या दिवसाला, सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दही, कांदा. दुसऱ्या दिवशी पिठले-भाकरी करायला तवा, पातेले आणि तीन दगड पुरतात. दगड पात्रातले ओले घेऊ नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात आणि कपची डोळ्यात जाते. सरपण वाळून पडलेलेच वापरावे. बाभळीचे लाकूड संथ आणि कडक जळते, बोरीचेही चांगले. कण्हेरीची काडी ना चुलीत घालावी ना भाजायला वापरावी, ती विषारी आहे. शेराच्या फांदीला हात लावू नये, चीक डोळ्यात गेला तर रात्र वाया जाते आणि कधी डोळाही.

हुरड्याचे दिवस असतील तर बाकी स्वयंपाक गौण ठरतो. शाळूचे कणीस दाणे दुधाळ असताना, पण पिठूळ होण्याआधी खुडायचे. ही मुदत जेमतेम पंधरवड्याची. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वाळा बसून निखारे झाले की कणसे त्यात पुरायची, फिरवायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. चोळणारा अनुभवी हवा, नाहीतर हात भाजतो आणि भुसा खाण्यात येतो. सुरती आणि गूळभेंडी हे त्यातले नावाजलेले वाण. शेतकऱ्याच्या रानात राहण्याचा हा सर्वांत मोठा लाभ. वनविश्रामगृहात तो मिळत नाही.

विस्तव रात्रभर पेटता ठेवायचा की नाही, यावर मतभेद आहेत. जनावर लांब राहते ही समजूत अर्धीच खरी आहे. वारा उठला तर कोरड्या गवतातली ठिणगी ही खात्रीची आपत्ती आहे. निखारे पाण्याने विझवून, वर माती लोटून झोपणे जास्त शहाणपणाचे. उजेडासाठी कंदील किंवा विजेरी बस होते, आणि तीही बंद केली तर या पठारावर आभाळ जसे दिसते तसे बीड-नगरच्या गच्चीवरून दिसत नाही. कार्तिकात संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका उगवतात, मागोमाग मृग वर चढतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चंद्र नसेल तर जागायला हरकत नाही.

रात्रीचे आवाज ओळखता आले तर भीती बरीच कमी होते. रातवा एकसुरी टकटक करत राहतो. टिटवी ओरडली म्हणजे तिच्या जवळून काहीतरी चालत गेले. बहुधा कोल्हा, कधी कुत्रा, कधी माणूस. मोर रात्री अचानक केकाटला तर तो दचकलेला असतो. बिबट्या या जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हापासून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. मुलांना एकटे अंधारात पाठवू नये, रात्री बाहेर जायचे तर दोघांनी विजेरी घेऊन जावे, उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. मांस आणि खरकटे तंबूजवळ ठेवू नये. पहाटे जागेची चौकशी करायला येणारे बहुधा रानडुक्कर किंवा साळिंदर असते आणि त्याला भाकरीत रस असतो.

साप आणि विंचू यांची काळजी मात्र रोज रात्री घ्यावी लागते. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. त्यातली मण्यार उबेसाठी अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही, सूज येत नाही आणि माणूस झोपलेलाच राहतो. पहाटे पोटात कळ, पापण्या जड होणे, बोबडी वळणे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण शोधत न बसता रुग्णालय गाठावे. उघड्यावर जमिनीला लागून अंथरूण घालण्याची हौस म्हणूनच टाळावी. तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू हवा. घट्ट आवळपट्टी बांधू नये, चीर देऊ नये, अवयव न हलवता न्यावे. सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते. तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी विशेषतः मुले मोठ्या संख्येने दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाने त्यावर उपचार शोधले आणि मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. बूट सकाळी झटकून घालणे, सरपण उचलताना आधी काठीने हलवणे, दगड आपल्या बाजूला उचलण्याऐवजी पलीकडे लोटणे एवढ्या सवयी पुरतात. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे लस आहे का आणि कोणत्या वळणावर फोनला रेंज मिळते, हे पोहोचण्याआधी माहीत असावे. दरीत रेंज नसते.

निघायच्या दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबावे, कारण दवाने भिजलेला तंबू गुंडाळला तर दोन दिवसांत त्याला बुरशी येते. आगटीवर पाणी ओतून राख हाताला गार लागते का ते पाहावे. कोमट लागली तर पुन्हा पाणी ओतावे. चुलीचे दगड विस्कटून ठेवावेत, खड्डे बुजवावेत. प्लास्टिक जाळू नये आणि पुरूही नये. पुरलेले पहिल्या पुरात वर येते आणि खालच्या बंधाऱ्याच्या दारात अडकते. ते परत न्यावे, शक्य असेल तर ओढ्यातले आधीचेही थोडे. बांधावरची ताटी किंवा काट्यांचे कुंपण जसे होते तसे लावून द्यावे, नाहीतर त्याच दुपारी गावची गुरे ज्वारीत शिरतात आणि पुढच्या पाहुण्याला त्या रानात जागा मिळत नाही.